प्रेरणा, स्फूर्ती आणि 'कशावरून सुचलं?'

प्रश्न असा आला आहे: एका प्रशिक्षण पुस्तिकेसाठी 'सोर्सेस ऑफ इन्स्पिरेशन फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप अँड डिझाइन थिंकिंग' हा मथळा मराठीत आणायचा आहे. (डिझाइन थिंकिंग म्हणजे डिझाइन करणाऱ्यांच्या रीतीनं अडचणी सोडवणं.) सध्याचा मसुदा आहे 'सृजनात्मक नेतृत्व व अभिकल्प चिंतन यांचे प्रेरणास्त्रोत'. हे चालेल का, आणि 'प्रेरणा' बरं की 'स्फूर्ती'?

आधी सोपं काम उरकू. 'स्त्रोत' असा शब्द नाही. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून 'स्रोत'. स आणि र यांच्यामध्ये त कुठून शिरतो कोण जाणे, पण तो 'सहस्र'मध्येही असाच शिरतो आणि 'सहस्त्र' होतो. 'स्तोत्र' वेगळं, ते 'स्तु' म्हणजे स्तुती करणे यावरून आलं. प्रेरणास्त्रोत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळलेले असावेत, असा मला संशय आहे. शिवाय 'प्रेरणास्रोत' हा हिंदीत जास्त रुळलेला शब्द. मराठीत आपण 'प्रेरणास्थान' किंवा 'स्फूर्तिस्थान' म्हणतो. त्यांचीही गंमत अशी की हे दोन शब्द आता बहुतेक वेळा माणसाला, आणि त्यातही भिंतीवर तसबीर लागलेल्या माणसाला वापरले जातात. डिझाइन शिकणाऱ्याला एखादी बिजागरी पाहून कल्पना सुचली, तर ती बिजागरी त्याचं 'प्रेरणास्थान' म्हणताना हसू येतं.

आता मूळ प्रश्न. 'प्रेरणा' हा शब्द प्र + ईर् असा बनला. ईर् म्हणजे हलवणे, ढकलणे. वाऱ्याला 'समीर' म्हणतात तोही याच धातूचा. (लॅटिनमधला 'इन्स्पिरारे' म्हणजे आत श्वास फुंकणे, वारा दोन्हीकडे आहे, पण तिथे तो आत जातो आणि इथे मागून ढकलतो.) हिंदी व्याकरणात 'करवाना'सारख्या क्रियापदांना 'प्रेरणार्थक' म्हणतात, कारण तिथे काम करणारा वेगळा आणि करवून घेणारा वेगळा असतो. प्रेरणेत हा दुसरा कुणीतरी कायम असतो. म्हणून ती देता येते, घेता येते, मिळते.

'स्फूर्ती'चा धातू स्फुर्, म्हणजे थरथरणे, लवणे, चमकून जाणे. बाहू स्फुरण पावतात, ओठ स्फुरतात, कविता स्फुरते. ढकलणारं कुणी बाहेर दिसत नाही, हालचाल आतूनच होते. प्रेरणा आणि स्फूर्ती यांतला हा फरक मला खरा वाटतो, पण आजच्या बोलण्यात तो पुसट झाला आहे हेही मान्य करायला हवं. झोप चांगली झाली की 'स्फूर्ती वाटते' असं आपण म्हणतो, तिथे अर्थ निव्वळ तरतरी. तुमच्या मथळ्यात स्फूर्ती घातली तर निम्म्या वाचकांना पुस्तिका व्यायामाची वाटेल.

पण मला या दोघींपेक्षा तिसरा शब्द जवळचा वाटतो, तो म्हणजे 'सुचणे'. त्याचं व्याकरण पाहा. 'मी कल्पना सुचलो' असं होत नाही, 'मला कल्पना सुचली' असंच होतं. कल्पना कर्त्याच्या जागी, आणि आपण चतुर्थीत, घेणाऱ्याच्या ओळीत. कळणे, आठवणे, स्फुरणे यांचीही तीच तऱ्हा. आणि ती कुठून आली हे सांगायला मराठीकडे एक छोटंसं शब्दयोगी अव्यय आहे, 'वरून'. कशावरून सुचलं? 'व्हॉट इन्स्पायर्ड यू?'चं याहून नेमकं मराठी मला माहीत नाही.

उदाहरणावर घासून बघा. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता कुत्र्याला घेऊन फिरून आला, तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि त्याच्या कपड्यांत काटेरी बोंडं अडकली होती. त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा टोकाला बारीक आकडे दिसले. वेल्क्रो त्यावरून सुचलं. 'बोंडांनी त्याला प्रेरणा दिली' हे वाक्य चुकीचं नाही, पण त्यात बोंडं उगाच थोर होतात आणि सूक्ष्मदर्शक गळून पडतो. जपानमधल्या शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचंही तसंच. वेगानं बोगद्यात शिरणाऱ्या गाडीपुढे हवा दाबली जाई आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज होई. एइजी नाकात्सु या अभियंत्याला पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. खंड्या हवेतून पाण्यात सूर मारतो तरी पाणी फारसं उडत नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ५०० मालिकेच्या गाडीला लांब चोचीसारखं नाक मिळालं ते त्यावरून.

डिझाइन थिंकिंगवाल्यांनी तर 'इन्स्पिरेशन'ला पारिभाषिक अर्थ दिला आहे, हे भाषांतर करताना सुटायला नको. आयडीओ या डिझाइन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम ब्राउन यांनी २००८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लिहिलेल्या लेखात कामाची तीन क्षेत्रं सांगितली: इन्स्पिरेशन, आयडिएशन (कल्पना काढून तपासणं), इम्प्लिमेंटेशन (त्या प्रत्यक्षात आणणं). यातलं पहिलं म्हणजे उत्तर शोधायला भाग पाडणारी परिस्थिती, मग ती अडचण असो वा संधी. म्हणजे लोक वस्तू कशी वापरतात, कुठे अडतात, हे जाऊन पाहणं. इथे स्फूर्ती पूर्ण बाद. प्रेरणा चालेल, कारण अडचण खरोखरच ढकलते.

हे पाहणं आपल्या परंपरेला नवं नाही. ११व्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं काव्याचा हेतू, म्हणजे ते कशामुळे घडतं हे, सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या: शक्ती, म्हणजे उपजत प्रतिभा, लोक, शास्त्र, काव्य इत्यादींच्या अवेक्षणातून येणारी निपुणता, आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यास. अवेक्षण म्हणजे नीट पाहणं. यादीत लोक शास्त्राच्या आधी आहे, हे मला फार आवडतं.

नेतृत्वाबद्दल 'सुचणे'चंच कुटुंब उपयोगी पडतं. सुचणे, सुचवणे, सुचू देणे. बैठकीत पहिल्याच मिनिटाला स्वतःचा तोडगा सुचवणारा वरिष्ठ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, त्यानंतर कुणालाच काही सुचत नाही. क्रिएटिव्ह लीडरशिप म्हणतात ती बहुतांशी तिसऱ्या क्रियापदात आहे.

उरलेले शब्द भराभर. 'सृजन' हिंदीत रुळलं, संस्कृत व्याकरणानं सृज् पासून 'सर्जन' होतं, जसं विसर्जन, उत्सर्जन. शस्त्रक्रिया करणारा सर्जन आठवत असेल तर 'सर्जनशील' लिहा, घोटाळा होत नाही. 'अभिकल्प' वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. आराखडा, रचना, नक्षी, घडण, सरकारी मराठीतलं संकल्पचित्र, हे सगळे डिझाइनचे तुकडे आहेत, अख्खं डिझाइन एकातही मावत नाही. आणि 'चिंतन' तर नकोच. चिंतन डोळे मिटून होतं. हे लोक पुठ्ठा कापून, चिकटवून, मोडून विचार करतात. डिझाइन थिंकिंग तसंच ठेवा.

माझा मथळा: 'सुचतं कशावरून? सर्जनशील नेतृत्व आणि डिझाइन थिंकिंगच्या प्रेरणा'. 'प्रेरणा' इथे अनेकवचनी आहे आणि त्यामुळे 'स्रोत' लागतच नाही. वरिष्ठांनी 'स्फूर्तिस्थाने'च हवीत असा आग्रह धरला तर 'ति' ऱ्हस्व ठेवा. एकटी असताना स्फूर्ती दीर्घ, समासात आधी आली की ऱ्हस्व. 'फू' दोन्हीकडे दीर्घ. ऱ्हस्व 'फु' फक्त स्फुरण आणि स्फुरणे यांत.