अंडरग्राउंड टेक्नो कलाकारांचं करिअर घडतं कसं आणि त्यांच्यावर प्रभाव कुणाचा असतो?

टेक्नो म्हणजे ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर बनवलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत. तुम्ही विचारलंय की ते करणारी ही अंडरग्राउंड मंडळी चेहरा लपवतात, एकच माणूस चार नावांनी रेकॉर्ड काढतो, मोठ्या कंपनीच्या वाटेला जात नाहीत. मग याला करिअर म्हणायचं का, आणि ते शिकतात कुणाकडून? दुसरा प्रश्न आधी घेतो.

शिकले ते मुख्यतः रेडिओवरून. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात 'द इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा रेडिओ निवेदक होता. क्राफ्टवर्कचं जर्मन यंत्रसंगीत, 'पार्लमेंट' या बँडचं फंक (काळ्या अमेरिकनांचं ठेकेदार नाचाचं संगीत) आणि गायक प्रिन्स असं सगळं तो एकाच रात्री वाजवायचा. काळ्यांचं स्टेशन, गोऱ्यांचं स्टेशन ही वाटणी त्याने जुमानली नाही. स्वतःचा फोटोही तो सहसा काढू देत नसे, आणि पुढच्या पिढीचा चेहरा लपवण्याचा सोस थोडा तिथूनच आला असावा, असं आपलं मला वाटतं.

जवळच्या बेलव्हिलमधले हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे शाळकरी मित्र हेच ऐकत वाढले. ॲटकिन्सने 1985 मध्ये स्वतःचं 'मेट्रोप्लेक्स' लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी) काढलं, मग मेचं 'ट्रान्समॅट' आणि सॉन्डरसनचं 'केएमएस' आलं. हौस म्हणून नव्हे. त्यांचं संगीत छापायला दुसरं कोण बसलं होतं? रोलँडची टीआर-909 सारखी ड्रम मशीनं बाजारात फारशी चालली नव्हती, त्यामुळे जुनी स्वस्तात मिळत. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये एक संकलन निघालं आणि 'टेक्नो' हे नाव जगभर गेलं. तिथून तिघांच्या वाटा बघा: सॉन्डरसनचा 'इनर सिटी' हा गट थेट ब्रिटनच्या पॉप यादीत पहिल्या दहांत पोचला, तर मेने काही वर्षांतच नवं संगीत काढणं जवळजवळ थांबवलं आणि डीजे म्हणून जग पालथं घातलं.

माझ्या मते खरा 'अंडरग्राउंड' नमुना म्हणजे 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी सुरू केलेला हा गट, रॉबर्ट हूड लवकरच त्यात आला. तोंडावर मास्क, संगीत आणि लेबल स्वतःचं. पुढे 'सबमर्ज' नावाने वितरणही आपल्याच माणसांच्या हातात. याचा उपयोग काय, ते 1999 मध्ये दिसलं. याच गटातल्या डीजे रोलँडोची 'जॅग्वार' म्हणून ओळखली जाणारी रचना गाजल्यावर सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी न घेता तिची हुबेहूब नक्कल करून घेतली. या छोट्या लेबलने आणि त्याच्या चाहत्यांनी इतका गदारोळ केला की सोनीला माघार घ्यावी लागली. हक्क आधीच विकून बसलेल्या कलाकाराला तक्रार करायलाही जागा नसते.

मिल्स बाहेर पडला आणि 1992 मध्ये 'ॲक्सिस' लेबल काढून बसला. 2000 मध्ये त्याने 'मेट्रोपोलिस' या जुन्या मूकपटाला नवं संगीत दिलं. हूडने 1994 च्या 'मिनिमल नेशन'मध्ये दोन-तीन आवाजांवर अख्खी रचना उभी केली. तो पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला आणि 'फ्लोअरप्लॅन' या नावाने गॉस्पेलची (काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची) झाक असलेलं टेक्नो आपल्या लेकीबरोबर वाजवू लागला.

बर्लिनची शाळा वेगळी, तिथे रेडिओची जागा दुकानाने घेतली. मार्क अर्नेस्टसने 1989 मध्ये 'हार्ड वॅक्स' हे रेकॉर्डचं दुकान उघडलं. 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीत 'ट्रेझॉर' क्लब सुरू झाला आणि त्याच्या लेबलची पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'च्याच मंडळींची होती. अर्नेस्टस आणि मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांच्या 'बेसिक चॅनल' या जोडीवर छाप जमैकाच्या डबची, म्हणजे रेगेतून निघालेल्या संगीताची: सूर पुसट, प्रतिध्वनी लांबलचक. रेकॉर्डवर चिकटवलेल्या कागदावरचा मजकूर तर इतका अस्पष्ट की वाचायला भिंग लागावं. ज्यांच्याकडून हे घेतलं, त्या 'वॅकीज' या रेगे लेबलच्या जुन्या रेकॉर्ड त्यांनी नंतर पुन्हा बाजारात आणल्या. ऋण मान्य करायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

आता पहिला प्रश्न, याला करिअर म्हणायचं का. पैशाचं म्हणाल तर रेकॉर्डवर बहुतेकांचं पोट भरत नाही. रेकॉर्डमुळे नाव होतं, नावामुळे क्लबमध्ये बोलावणी येतात आणि घर चालतं ते त्या रात्रींच्या मानधनावर. म्हणून प्रवास थांबला की मिळकतही थांबते, आणि पन्नाशी-साठीतले लोक अजून पहाटेपर्यंत वाजवताना दिसतात.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी क्राफ्टवर्क, लगेच पार्लमेंट, मग ॲटकिन्सने 'मॉडेल 500' या नावाने काढलेलं संगीत. शक्यतो एकाच बैठकीत.