अंदमानला निघण्याआधी घरचा शामा ऐक

अरे, अंदमानी शामा पक्षी बघायला निघालास, छान. पण त्याआधी आपल्या कोकणातला शामा ओळखीचा करून घे. दोघं इतके जवळचे की अंदमानचा पक्षी पूर्वी याचीच उपजात मानत. आता त्याला वेगळी जात धरतात, आणि तो फक्त अंदमान बेटांवरच असतो.

फरक पोटावर बघ. आपल्या नराचं पोट तांबूस. अंदमानच्याचं पांढरं, तांबूस रंग शेपटीखाली तेवढा. काळी पाठ, काळा गळा आणि पाठीखालचा पांढरा पट्टा दोघांनाही. पाठमोरा दिसला तर वहीत नोंदवायची घाई नको.

परसातल्या दयाळ पक्ष्याला शामा म्हणायची चूक मीही वर्षभर केली. दयाळ उघड्यावर, तारेवर बसतो. शामा मात्र बांबूच्या बेटातून (हे बेट आपलं, समुद्रातलं नव्हे) बाहेर यायलाच मागत नाही. म्हणून आधी कान तयार कर. कर्नाळ्याला पहाटे किंवा तिन्हीसांजेला वहाळाकाठी गप्प बसून राहा. दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, फसशील. एकदा-दोनदा फसावंच.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नकोस. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. तुला फोटो मिळतो, त्याची सकाळ फुकट जाते.

दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घे, दाट सावलीत तीच कामाला येते. तिकडे अंदमानात चिडियाटापूला पहाटेच पोच.