लायनफिशचे विषारी काटे नेमके कुठे असतात? घरच्या टँकमध्ये पाळणं सुरक्षित आहे का?

पाठीवर 13, पोटाखालच्या दोन परांना एकेक आणि मागे शेपटीकडे, खालच्या अंगाला 3. झाले 18. बाजूला पंख्यासारखे पसरलेले ते मोठे पर बघून सगळे दचकतात, पण त्यांत विष नसतं. ते भक्ष्याला कोपऱ्यात रेटायला असतात. हे मी आमच्या दाजींना सहा वर्षं सांगतोय.

काचेवरचं शेवाळ खरवडत होतो, हात कोपरापर्यंत पाण्यात. मासा दगडाआड. हा मासा सहसा पळत नाही, हे ठाऊक असून विसरलो. डोकं खाली, काटे ताठ, पाठ माझ्या हाताकडे करून तो जागच्या जागी तरंगत राहिला, आणि हात मागे घेताना मीच तो त्याच्यावर नेला. मधल्या बोटाच्या पेरावर दोन टिपके, रक्त जेमतेम. थोड्या वेळाने बोट आतून कोणी पिळतंय असं वाटायला लागलं आणि कळ कोपरापर्यंत चढली.

दाजी समोरच. "बर्फ लाव, बर्फ!" वीस मिनिटं मी मुकाट्याने बर्फ धरून बसलो, नुसता कण्हत. लायनफिशचं विष प्रथिनांचं, ते उष्णतेने निकामी होतं; म्हणजे हवं होतं गरम पाणी. शेवटी बायकोने पातेलं पुढे सरकवलं. अर्ध्या तासात माणसात आलो. दाजी म्हणतात, बर्फाचाच परिणाम, उशिरा झाला इतकंच.

वर "माशाने हल्ला केला" हेही तेच सांगत फिरतात. अहो, काट्याच्या दोन्ही बाजूंना खाच असते, तिच्यात विषग्रंथी, वरून पातळ कातडीचं आवरण. काटा रुतला की आवरण मागे सरकतं, ग्रंथी फाटते, विष जखमेत उतरतं. सापासारखं दाबून विष सोडायची सोयच नाही त्याच्याकडे. जोर आपला असतो.

हो, पाणी सोसवेल इतकंच गरम, 45 अंशांच्या वर नको, आणि आधी दुसऱ्या हाताने बघा. दुखऱ्या बोटाला चटका कळत नाही. श्वास लागला, चक्कर आली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला तर पातेलं सोडा, दवाखाना गाठा.

पाळायचं म्हणाल तर पाळा, पण काच खरवडायला लांब दांड्याचं खरवडणं घ्या. सोबत बारके मासे ठेवू नका, तोंडात मावेल ते तो गिळतो.