रणगाड्यासमोरचं वतन आणि सातबाऱ्यावरचं वतन

प्रश्न असा आहे: हिंदीत डब केलेल्या रशियन युद्धपटात सैनिक पदोपदी 'वतन के लिए' ओरडतात. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी-देशमुखीचा हक्क. हे दोन्ही शब्द एकच का? आणि मराठीत डब करायचं झालं तर काय म्हणावं?

शब्द एकच, अरबी 'वतन'. मुळात अर्थ साधा: माणूस जिथे वस्ती करून राहतो ती जागा. उर्दूत 'आपका वतन?' या प्रश्नाला लखनौ किंवा एखाद्या खेड्याचं नाव असं उत्तर मिळू शकतं. त्या गावाचा पुढे देश झाला. १९०४ साली इक्बालांनी 'सारे जहाँ से अच्छा' या तराण्यात हिंदुस्तानला वतन म्हटलं, तोवर हा अर्थ चांगला रुळला होता.

आपल्याकडे मात्र वतन जमिनीला चिकटून राहिलं. गावात पिढीजात काम, त्याबद्दल जमीन आणि मानपान, हे सगळं मिळून वतन. त्यासाठी भावाभावांचे गळे कापले गेले. वतन टिकावं म्हणून लोक शत्रूलाही जाऊन मिळत. 'आज्ञापत्र' या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांबद्दल राजाला सावध केलंय ते उगाच नाही: हे लहान असले तरी स्वतंत्र नायकच, असं त्यांचं मत. म्हणजे जो शब्द ओरडत पडद्यावरचा सैनिक राज्याकरता मरतो, तोच शब्द आपल्या इतिहासात राज्याच्या मुळावर उठलेला दिसतो. महार वतनाची कथा आणखी वेगळी. तिथे वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. ही वतनं रद्द झाली ती १९५८च्या कायद्याने, पण त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आजही सापडतं.

आमची आजी असाच एक सिनेमा बघत बसली होती. हातबॉम्ब घेऊन एक पोरगा 'वतन के लिए' म्हणत रणगाड्यापुढे धावला. आजीने चष्मा वर केला आणि विचारलं, "किती एकर होतं रे?"

आता डबिंगवाल्यांनी हाच शब्द का उचलला? मूळ आरोळी 'ज़ा रोदिनू', म्हणजे रोदिनासाठी. 'रोदिना'चं मूळ जन्म आणि कूळ या अर्थांच्या 'रोद'मध्ये आहे, तेव्हा अर्थाने 'जन्मभूमी' सगळ्यांत जवळची. पण डबिंगमध्ये अर्थाआधी ओठ बसावे लागतात. 'ज़ा रोदिनू' म्हणून बघा, ओठ एकदाही मिटत नाहीत. 'मातृभूमि' म्हणा: म, भ, म, तीनदा मिटतात. चेहरा पडदाभर असेल तर नटाचं तोंड उघडं आणि आवाज मिटलेल्या ओठांचा, हे लगेच खटकतं. 'वतन'मधला व दात आणि ओठ जेमतेम जवळ आणून निघतो, शब्दही आखूड. शिवाय हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी तो आधीच रक्तात भिनवलेला. शब्दाची निवड चोख आहे, माझी तक्रार नाही.

'रोदिना-मात' ('मात' म्हणजे आई) असा जोड आला की मात्र 'मातृभूमि'ला पर्याय नाही. १९४१चं इराक्ली तोइद्झे यांचं भित्तिपत्रक आठवा, लाल वस्त्रातली, हातात सैनिकी शपथेचा कागद धरलेली बाई. ती आईच आहे. उलट १९४१ ते ४५च्या युद्धाच्या रशियन नावात 'अतेचेस्त्वो' आहे आणि त्याच्या मुळाशी बाप. ते शब्दशः 'पितृभूमी' करायला जाऊ नये. मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर सावरकरांची 'हिंदू कोण' ही व्याख्या येऊन उभी राहते आणि स्तालिनग्राड बाजूलाच राहतं.

मग मराठीत काय? 'वतनासाठी' नको, आजीने कारण सांगितलंच आहे. 'मायभूमीसाठी' कानाला गोड, पण पुन्हा ओठांची तीच अडचण. मी सरळ 'देशासाठी' लिहीन. चार अक्षरं, 'ज़ा रोदिनू'ही चारच, आणि ओठ कुठेही मिटत नाहीत. शेवटी 'नू'ला त्याचे ओठ गोल होतील आणि आपला 'ठी' पसरट येईल, पण तेवढ्यात तोफेचा आवाज येतोच.