मोरचूद : 160 की 250?

प्रश्न : ‘निळ्या कॉपर सल्फेटच्या 0.05 मोलचे वस्तुमान 12.48 ग्रॅम आहे, तर मोलार वस्तुमान काढा’ हे गणित मी सोडवलं. उत्तर 249.6 आलं. पण अणुवस्तुमानांची बेरीज (तांबे 63.5, गंधक 32.1, चार ऑक्सिजन 64) 159.6 होते. मी कुठे चुकले?
– अकरावी विज्ञान, निफाड

उत्तर : भागाकारात तू अजिबात चुकलेली नाहीस. मोल म्हणजे डझनासारखी कणांची एक ठरावीक, पण प्रचंड मोठी संख्या, आणि मोलार वस्तुमान म्हणजे एका मोलचं वस्तुमान. त्याचं एकक ग्रॅम प्रति मोल. म्हणजे ग्रॅमला मोलने भागायचं. उलटं केलं असतंस तर 0.004 आलं असतं. सगळ्यात हलक्या हायड्रोजनचंही अणुवस्तुमान 1 असतं, तेव्हा असं उत्तर दिसताच खोडायचं.

आता तुझ्या दोन उत्तरांतली वजाबाकी कर. बरोबर 90! पाण्याचं मोलार वस्तुमान 18, आणि अठरा पंचे नव्वद. निळ्या मोरचुदाच्या, म्हणजे तुझ्या निळ्या कॉपर सल्फेटच्या, खड्यात कॉपर सल्फेटच्या एका मोलमागे पाण्याचे पाच मोल बांधलेले असतात. हे स्फटिकजल तुझ्या बेरजेत राहून गेलं. हात लावला तर खडा कोरडा लागतो, पण वजनाचा 36 टक्के भाग पाणीच. मला हे गणित फार आवडतं ते यासाठीच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना किंवा मॅडमना सांगून हे करून बघ. कोरड्या परीक्षानळीत थोडं मोरचूद घे आणि मंद आचेवर तापव. नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेव, नाहीतर वाफेचे थेंब तापलेल्या बुडावर ओघळतात आणि नळी तडकते. निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते. फार तापवलंस तर ती काळी पडेल. मग ते कॉपर ऑक्साइड. पांढरी भुकटी गार झाल्यावर तिच्यावर पाण्याचा थेंब टाक, लगेच निळी होते.

तुझे 12.48 ग्रॅम असे पूर्ण सुकवले तर 7.98 ग्रॅम उरतील. गेलेलं पाणी 4.5 ग्रॅम, म्हणजे 0.25 मोल. त्याला 0.05 ने भाग, पुन्हा पाचच येतात.

तुमच्या भागात द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी (हे बुरशीनाशक) हेच मोरचूद चुन्यासोबत वापरतात. एक किलो शुद्ध निळ्या मोरचुदात तांबं असतं सुमारे 254 ग्रॅम. 159.6 धरून हिशेब केला, तर तेच 398 ग्रॅम वाटेल.