मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आधीचे काम संपण्यापूर्वीच पुढचे काम सुरू होते, हे कसे दाखवावे?

कामांचे वेळापत्रक आखण्याच्या या सॉफ्टवेअरमध्ये 'लीड'साठी (आधीचे काम संपण्याच्या जितके दिवस अगोदर पुढचे सुरू होते, त्यासाठी) वेगळा रकाना नाही. तो ऋण 'लॅग' (दोन कामांमध्ये ठेवायचे अंतर) म्हणूनच भरावा लागतो. समजा, यादीतले क्रमांक ४ चे वीटकाम १० दिवसांचे आहे आणि भिंतीत वायरिंगचे पाइप बसवण्याचे काम त्याच्या शेवटच्या ३ दिवसांत सुरू व्हायचे आहे, तर पाइपच्या ओळीत प्रेडिसेसर (आधीचे काम) रकान्यात '४एफएस-३डी' असे (अर्थात इंग्रजी अक्षरे व अंक वापरून) टंकावे; यात 'एफएस' (फिनिश-टू-स्टार्ट) म्हणजे आधीचे काम संपल्यावर पुढचे सुरू, आणि 'डी' म्हणजे दिवस. '४एफएस-३०%' हेही चालते, परंतु मग वीटकामाचा कालावधी वाढवताच लीडही त्याच प्रमाणात वाढतो.

माझ्या मते मात्र अशा ठिकाणी लीड टाळलेलाच बरा, कारण तो समाप्तीच्या तारखेपासून मागे मोजला जातो, आणि वीटकाम लांबणार हे नवव्या दिवशी कळेपर्यंत पाइपवाले आठव्या दिवसापासूनच कामाला लागलेले असतात. त्याऐवजी वीटकामाचे दोन भाग करून पहिल्या भागाच्या समाप्तीला पाइपचे काम साध्या एफएसने जोडावे; नाहीतर '४एसएस+७डी' द्यावे ('एसएस', म्हणजे स्टार्ट-टू-स्टार्ट, आधीच्या कामाच्या सुरुवातीपासून मोजतो). प्लास्टरवर पाणी मारण्याचे दिवस दाखवताना तेवढे 'डी'ऐवजी 'ईडी' (इलॅप्स्ड डेज, म्हणजे सलग दिवस) लिहावे, म्हणजे सुट्टीचे दिवसही मोजले जातात.