पाळीव प्राण्यांचे आरोग्य : मधुमेही मांजराचा डोस वाढवण्याआधी सिरिंज पाहा

प्रश्न : आमचा बोका नऊ वर्षांचा असून त्याचे वजन साडेपाच किलो आहे. मधुमेहाचे निदान झाल्यावर पशुवैद्यांनी ग्लार्जिन इन्सुलिन, दर बारा तासांनी १ युनिट, असे सुरू केले आणि ते त्याला चांगले मानवले होते. गेल्या आठवड्यात सिरिंज संपल्या. दुकानात पूर्वीच्या केशरी टोपणाच्या मिळाल्या नाहीत, म्हणून लाल टोपणाच्या आणल्या. त्याच सुमारास त्याचा भातही बंद केला. पूर्वी तो उकड्या तांदळाच्या भातात कुस्करलेला बांगडा खात असे. आता मांजरांसाठीचे डब्यातले ओले खाद्य खातो. काल सकाळी इंजेक्शनपूर्वी साखर ३१८ होती, दुपारी दोन वाजता ५८ आणि संध्याकाळी ३४०. मोजणी वडिलांच्या ग्लुकोमीटरवर केली. दोन्ही वेळा आकडा तीनशेच्या वर गेल्यामुळे डोस २ युनिट करावा का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. डोस वाढवू नका, आणि हा अंक हाती पडताच, पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी, आपल्या पशुवैद्यांना फोन करा. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ३१८ किंवा ३४० ही नसून सिरिंजचे टोपण ही आहे.

आपल्याकडे माणसांसाठीचे कुपीतले इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या इन्सुलिनसाठी आखलेली असते, तर केशरी टोपणाची शंभरच्या. कुपीतले ग्लार्जिन सहसा शंभर तीव्रतेचे असते. लाल टोपणाच्या सिरिंजवर एक युनिटच्या रेषेपर्यंत औषध भरले की त्यात पाव दशांश, म्हणजे ०.०२५ मिलिलिटर द्रव येतो. तेवढ्या ग्लार्जिनमध्ये मात्र २.५ युनिट असतात. याचा अर्थ, आपण १ युनिट समजून बोक्याला आठवडाभर अडीच पट इन्सुलिन देत असण्याची दाट शक्यता आहे. त्यातच डोस दुप्पट केला असता तर तो ५ युनिटवर गेला असता, आणि एवढ्या वजनाच्या मांजराच्या ते जिवावर बेतू शकले असते. कुपीवरील तीव्रता आणि सिरिंजवरील तीव्रता जुळते का, हे दर वेळी नवे पाकीट फोडताना वाचून पाहावे; दुकानदाराने दिले म्हणून ते बरोबरच असेल असे धरून चालू नये. शंभरच्या सिरिंजमध्येही ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेषा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी, कारण मांजराच्या डोसमध्ये अर्धे युनिटही मोठे असते.

दुसरे कारण भाताचे आहे. भात कमी करणे योग्यच होते. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी असल्याने पिष्टमय पदार्थ कमी झाले की त्याची साखर उतरते, आणि उपचार लवकर सुरू झालेल्या काही मांजरांना तर पुढे इन्सुलिनची गरजही उरत नाही. परंतु साखर उतरली म्हणजे इन्सुलिनची गरजही उतरली. म्हणूनच आहार बदलायचा तो हळूहळू, डॉक्टरांना सांगून आणि रोज साखर मोजत. आपल्या घरी आहार आणि सिरिंज या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या आणि दोहोंचा परिणाम साखर खाली ओढण्याचाच झाला.

मग सकाळ-संध्याकाळी आकडा तीनशेच्या वर का? साखर फार खाली गेली की शरीर स्वतःच्या बचावासाठी यकृतातील साठा रक्तात सोडते आणि नंतरचा आकडा चढलेला दिसतो. मांजरांमध्ये हे किती वेळा घडते याबद्दल पशुवैद्यांमध्ये मतभेद आहेत, पण मधोमध ५८ आलेला असताना डोस वाढवणे कोणत्याही मताने समर्थनीय ठरत नाही. केवळ इंजेक्शनपूर्वीचे दोन आकडे पाहून डोस ठरवणे हीच मला सर्वांत घातक सवय वाटते. साखर सहसा इंजेक्शननंतर चार ते आठ तासांनी तळाला जाते आणि डोस ठरतो तो त्या तळावरून. स्थिरावलेल्या मांजरात तो ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा. म्हणून योग्य सिरिंजने, डॉक्टरांनी सांगितलेला डोस पाच ते सात दिवस तसाच ठेवून एके दिवशी दर दोन तासांनी बारा तास साखर मोजावी आणि तो तक्ता त्यांना दाखवावा. हे घरीच करणे उत्तम, कारण पिशवीत कोंबून, गाडीतून दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर केवळ भीतीनेही बरीच वर चढते.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. तरीही तो वापरता येतो. मात्र कायम तोच वापरावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे. ५८ हा आकडा खरे तर थोडा जास्त असेल, पण तो धोक्याचाच समजावा. रक्तासाठी कानाची बाहेरची कड चांगली. कान मिनिटभर तळहातात धरून ऊब द्यावी, कडेवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवावा म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो, आतल्या बाजूला कापसाची घडी धरावी आणि कडेची बारीक शीर व कानाची किनार यांच्या मधोमध टोचावे. थेंब आला की पट्टीचे टोक त्याला लावावे. नंतर कापूस थोडा वेळ दाबून धरावा आणि लगेच आवडीचा घास द्यावा. थोड्याच दिवसांत बरीच मांजरे यासाठी स्वतःहून येऊन बसतात.

साखर पुन्हा ६० च्या आसपास आली आणि बोका शुद्धीवर, खाणारा असेल, तर लगेच खाऊ घालून पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजावे. तो झोकांड्या खात असेल, शून्यात पाहत असेल किंवा आकडी आली, तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. ते तोंडात ओतू नये, दातांमध्ये बोट घालू नये, आणि तसेच दवाखाना गाठावा. चढलेली साखर सहसा सावकाश नुकसान करते, उतरलेली काही मिनिटांत. अपवाद एकच : साखर चढलेली असताना मांजर खात नसेल, उलट्या करत असेल किंवा मलूल पडले असेल, तर रक्तात कीटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारे घातक पदार्थ, वाढलेले असू शकतात आणि तेव्हा सकाळची वाट पाहू नये. सध्या इंजेक्शनपूर्वीचा आकडा २०० पेक्षा कमी आला किंवा त्याने जेवण टाळले, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे तासन्‌तास वीज जाते. मांजराच्या इन्सुलिनची कुपी खराब होईल का? घाटावरचे नातेवाईक माठात ठेवा म्हणतात. – एक वाचक, डिचोली

उत्तर : काही तासांनी ती खराब होत नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली ग्लार्जिनची कुपी ३० अंशांच्या खाली २८ दिवस ठेवता येते, असे वेष्टनावरच लिहिलेले असते. शीतपेटी दर अर्ध्या तासाने उघडू नका. माठाचा उपाय कोरड्या हवेत चांगला आहे. आपल्या दमट हवेत पाणी झिरपून सुकतच नाही, त्यामुळे माठ फारसा गार होत नाही. त्यापेक्षा थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घालून, कुपी कापडात गुंडाळून, बर्फाला न टेकवता ठेवावी. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. ग्लार्जिन पाण्यासारखे नितळ असते. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर टाकून द्यावे.

प्रश्न : इंजेक्शन देताना मांजर हलले आणि केस ओले लागले. किती औषध आत गेले कळत नाही. पुन्हा द्यावे का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : देऊ नये, थोडेसेसुद्धा नाही. एक डोस हुकल्याने साखर बारा तास चढलेली राहील. दुप्पट डोस मात्र जीव घेऊ शकतो. पुढचे इंजेक्शन नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच मात्रेत द्यावे.